साखरेपाशी थांबलेली नस

मी सहा वर्षं भिवंडीत साखर सांभाळली आणि त्यातली चिमूटभरसुद्धा कधी कुणाच्या चहात गेली नाही. घरी आई सगळ्यांना सांगायची, "आमचा दिनेश साखरेच्या गोदामात हाय." लोक रेशनचं विचारायला यायचे.

आमचं गोदाम हायवेच्या बाजूला. डावीकडे टीव्हीचे खोके, उजवीकडे बिस्किटं, मधे आम्ही. माल लॅबचा. मुंबईतले संशोधन करणारे लोक ज्या बाटल्या मागवतात त्या आधी आमच्याकडे उतरायच्या. बाटली करंगळीच्या पेराएवढी, तळाला दिसेल न दिसेल अशी पांढरी पूड, आणि तेवढ्यासाठी हा एवढा थर्माकोलचा खोका, त्यात धूर सोडणारा ड्राय आईस. मी अंबाडीच्या शाळेत सायन्सला होतो. तेवढ्यावर मला 'टेक्निकल' म्हणून घेतलं. टेक्निकल म्हणजे बाटलीवरचं नाव न अडखळता वाचणारा.

या धंद्यात पहिल्या दिवशी शिकवतात ते एकच, कुणावर विश्वास ठेवायचा नाही. कुरियरवाला म्हणतो माल थंड आहे, तरी हात घालून बघायचं. फ्रीजरचा आकडा म्हणतो उणे वीस, तरी आत दुसरा थर्मामीटर ठेवायचा. आणि थर्मामीटरवरही भरवसा नको म्हणून आमच्याकडे नाण्याची पद्धत होती. ग्लासात पाणी गोठवायचं, बर्फावर एक रुपयाचं नाणं ठेवायचं, ग्लास फ्रीजरमध्ये. त्या काळात भिवंडीत लाईट कधी जाईल, कधी येईल याचा पत्ता नसायचा. मधल्या वेळात बर्फ वितळून परत गोठला तर बाहेरून कळत नाही, पण नाणं तळाला गेलेलं असतं. सकाळी आलो की पहिलं नाणं बघायचं. वर असेल तर माल ठीक. खाली असेल तर कुणीतरी खोटं बोलतंय.

माझ्यावर मात्र नाणं न बघताच कुणाचा विश्वास नव्हता. कारण मला आवाज काढता येतात. शाळेत होतो तेव्हापासून. गोदामात माझं नावच 'टेप' पडलं होतं. एकदा दुपारी मी डिलिव्हरीला गेलेलो, फोन केला तर कळलं की लाईट गेलीय आणि जनरेटर बंद. डिझेलला हात लावायला शेठची परवानगी लागायची आणि शेठ लग्नात. मग मीच वॉचमन पांडेजींना शेठच्या आवाजात फोन लावला. "पांडे, जनरेटर चालू कर. अभी के अभी. और चाय मत पीने बैठ." जनरेटर चालू झाला, माल वाचला. पुढच्या आठवड्यात खरे शेठ फोनवर आले, तर पांडेजी म्हणाले, "टेप, हमको बहुत काम है, नौटंकी बाद में," आणि फोन ठेवला. तीन वेळा. शेठला गाडी काढून गोदामात यावं लागलं. त्यानंतर मी ताप आला म्हणून फोन केला तरी पलीकडून यायचं, "आवाज अजून थोडा खोल पाहिजे रे."

आता त्या साखरेबद्दल. ती गोड नसते. साखरेचा एक कण, त्याला दुसरा, त्याला तिसरा, अशी लांबच लांब माळ. आपल्या अंगात ती जागोजागी असते. तंगडी खाताना हाडाच्या टोकाला जे पांढरं, कुरकुरीत लागतं ना, ती कुर्चा. तिच्यात तर भरपूर. तिचं नाव कॉन्ड्रॉइटिन. मी तिला 'कोंडीराम' म्हणायचो. लॅबसाठी कोंडीराम बाटलीतून यायचा, एकदम शुद्ध. पण शेठचा भाचा विपुलभाई, त्याने हाच कोंडीराम ड्रमने मागवला. गुडघ्याच्या गोळ्या बनवणाऱ्यांना विकायला. ड्रमवरचं लेबल अर्धं फाटलेलं. मी वास घेतला, सुक्या मासळीचा हलका वास. "माशाच्या कुर्चेपासून काढतात," विपुलभाई म्हणाला. शेठ कांदासुद्धा न खाणारे. त्या दिवसापासून ते ड्रमाच्या लांबून जायला लागले.

मला तो ड्रम पहिल्यापासून आवडला नाही. बाटलीसोबत कागद येतात, कुठून आली, किती शुद्ध, कधी बनली. ड्रमसोबत फक्त विपुलभाई आला होता.

गुडघ्यावाल्यांनी थोडाच माल उचलला. ड्रम पडून राहिला. मग एक दिवस विपुलभाई कुठूनतरी वाचून आला की या साखरेचा आणि नसांच्या वाढीचा काहीतरी संबंध आहे. काय संबंध, ते त्याने वाचलं नव्हतं. महिन्याभरात पुड्या छापून आल्या. पुडीवर हाताचा पंजा आणि बोटांमधून विजेसारख्या पिवळ्या रेषा. खाली मोबाईल नंबर, 'डॉक्टरांच्या सल्ल्यासाठी'.

"डॉक्टर कोण?" मी विचारलं.

विपुलभाईने हँडसेट माझ्या हातात दिला. "तू. तो मास्तरचा आवाज काढतो ना, तो. भारी वाटतो."

मास्तर म्हणजे आमचे शाळेतले विज्ञानाचे सर. बोलायच्या आधी घसा साफ करायचे, मग "हं" म्हणायचे, आणि त्या 'हं'मध्येच समोरचा गार व्हायचा. मी त्यांचा घसा घेतला, त्यांचा 'हं' घेतला आणि डॉक्टर सबनीस झालो. खोटं कशाला बोलू, मजा यायची. आयुष्यात पहिल्यांदा लोक माझं ऐकत होते. म्हातारी माणसं फोन करायची, गुडघे, पाठ, पायाला मुंग्या. मी म्हणायचो, "हं. चालणं ठेवा. तेलकट कमी करा. पुडी चालू ठेवा." पांडेजी बाजूला बसून पोट धरून हसायचे.

यशवंतदादाचा पहिला फोन एका शुक्रवारी आला. पीसीओवरून, मागे लूमची खडखड.

"डॉक्टर हायेत का?"

"हं. बोला."

"मी नारपोलीतून बोलतो. यशवंत. माझी करंगळी आन तिच्या बाजूचं बोट, दोन्ही मेल्यासारखी झालीत. चिमटा काढला तरी समजत न्हाय. आन अंगठ्यात जोर न्हाय. धागा धरतो तर सुटतो."

"केव्हापासून?"

"पाच म्हैने झाले. खिडकीची काच मनगटात घुसली व्हती. टाके घातले, जखम भरली. पन बोटं उठत न्हाईत."

त्याचं काम लूमवर धागे जोडायचं. जुना बीम, म्हणजे उभ्या धाग्यांचा मोठा रूळ, संपला की नव्या बीमचा एकेक धागा जुन्याच्या टोकाला पीळ देऊन जोडायचा, हजारो धागे, दोन बोटांच्या चिमटीत. त्या चिमटीवर त्याचं घर चालायचं.

मी घसा साफ केला. "हं. नस वाढायला वेळ लागतो. धीर धरा. पुडी चालू ठेवा."

"हॉस्पिटलात दाखवू का? मुंबईला? बायको म्हनते दाखवा."

इथे थांबायला पाहिजे होतं. मी म्हणालो, "घाई नको."

दर शुक्रवारी त्याचा फोन यायचा. नाव सांगायच्या आधी म्हणायचा, "डॉक्टर, जेवलात का?" आणि दर वेळी सांगायचा की आता थोडा फरक वाटतोय. तो 'थोडा फरक' मला सोडून देता येईना. इतर लोकांचा 'फरक' मी ऐकून सोडून द्यायचो. हा माणूस मला बरं वाटावं म्हणून सांगत होता.

त्याच सुमारास मुंबईतल्या एका लॅबमध्ये खोका पोचवायला गेलो. तिथल्या प्रधान मॅडम. साठीच्या आसपास, चष्मा कपाळावर, आणि संशयात आमच्या सगळ्या गोदामाच्या वर. मी समोर उभा असताना खोका उघडून थर्मामीटर खुपसायच्या, मग माझ्याकडे बघायच्या, मग परत थर्मामीटरकडे. त्या दिवशीच्या बाटलीवर नाव होतं कोंडीरामचं.

"मॅडम, याने नस वाढते ना?" मी सहज विचारल्यासारखं विचारलं.

त्यांनी चष्मा खाली घेतला. "कुणी सांगितलं?"

"असंच. कुणीतरी म्हणत होतं."

"इकडे ये."

त्यांनी मायक्रोस्कोपपाशी बसवलं. आधी मला माझ्याच पापण्या दिसल्या. मग एक गोल पेशी दिसली आणि तिच्यातून निघालेला एक बारीक धागा. धाग्याच्या टोकाला पंजा. खरंच पंजा, इवली इवली बोटं असलेला.

"ही नसेची पेशी. उंदराची," मॅडम म्हणाल्या. "तो धागा वाढतोय. टोकाचा पंजा काय करतो बघ. पुढे हात लावून बघतो, चाचपतो, पटलं तर सरकतो. फार संशयी असतं ते टोक. आता डावीकडे एक पट्टा आहे, तुला दिसणार नाही. तिथे आम्ही ही साखर लावलीय."

मग त्यांनी त्याच पेशीचे फोटो दाखवले, एक, दुसरा, तिसरा, दर थोड्या वेळाने काढलेले. पंजा पट्ट्याच्या कडेला आला. बोटं लावली. मागे घेतली. परत लावली. आणि वळून दुसरीकडे निघून गेला.

"थांबला," मी म्हणालो.

"थांबला. मणक्याला मार लागतो तेव्हा जखमेभोवती हीच साखर जमा होते आणि तुटलेले धागे तिच्यापाशी येऊन अडतात. तू मागच्या महिन्यात जो एन्झाईम आणलास, तो या माळा कापतो. उंदरांत माळा कापल्या की धागे थोडे पुढे जातात. त्यावरच आमचं काम चाललंय."

माझ्या डोळ्यांसमोर पुडीवरच्या पिवळ्या रेषा आल्या. "म्हणजे ही साखर नसेला थांबवते."

"तेवढं सोपं असतं तर मी कधीच रिटायर झाले असते. याच माळेवर ठरावीक ठिकाणी गंधकाचे गट चिकटलेले असतात. ते जागा बदलतात. एका तऱ्हेने लागले की धागा अडतो, दुसऱ्या तऱ्हेने लागले की तोच धागा उलट जोरात वाढतो. माळ तीच."

हे मात्र मला लगेच समजलं, कारण मी भिवंडीचा. लूमवर धागा तोच असतो, वर डॉबीला, म्हणजे नक्षी ठरवणाऱ्या यंत्राला, खुंट्या कुठे मारल्यात त्यावर चौकडी येते की पट्टा ते ठरतं. मी मॅडमना हे सांगितलं. त्यांनी ते वहीत लिहून घेतलं. माझ्या आयुष्यात मी बोललेलं कुणी लिहून घेतलं ते तेवढंच.

"आणि खाल्ली तर?" मी विचारलं.

"काय खाल्ली तर?"

"साखर. पुडीतून. हाताची नस तुटलेला माणूस."

मॅडमनी स्टूल ओढलं आणि माझ्यासमोर बसल्या. "पोटात जाऊन बहुतेक मोडून जाईल, नसेपर्यंत पोचणारच नाही. फायदाही नाही, तोटाही नाही. तोटा वेळेचा. कुठे तुटलीय?"

"मनगटात. काचेने."

"जोडली?"

"वरून टाके घातले."

"नस जोडली का विचारतेय मी. किती महिने झाले?"

मी बोटांवर मोजलं. पाच आणि माझे तीन. "आठ."

त्यांनी स्वतःच्या मनगटावर बोट ठेवलं. मग म्हणाल्या, "नीट ऐक. नस जोडली तर ती दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढते. तोवर हाताचे स्नायू वाट बघत सुकत जातात. वर्ष-दीड वर्ष झालं की नस पोचली तरी उपयोग नसतो. त्याला उद्याच्या उद्या हाताच्या सर्जनकडे पाठव. आणि त्याला हे इतके दिवस कुणी सांगितलं नाही?"

मी म्हणालो, "त्याचे एक डॉक्टर आहेत."

त्यांनी माझ्याकडे तसंच बघितलं, थर्मामीटरकडे बघतात तसं.

परत येताना टेम्पोत मी पट्टी काढली. तीन महिने म्हणजे नव्वद मिलिमीटर. मनगटाच्या घडीला पट्टी लावली तर ती करंगळीच्या मुळाशी संपली. जेवढा तळहात, तेवढं मी त्याला थांबवलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्याच्या पीसीओवर पत्ता विचारून नारपोलीला गेलो. फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर मी सबनीस होतो आणि सबनीसांनी एका शुक्रवारी एक, दुसऱ्या शुक्रवारी दुसरं सांगितलं तर त्याने कशावर विश्वास ठेवायचा? चाळीतली खोली. यशवंतदादा पस्तिशीचा, काटक, हात मांडीवर उपडा ठेवून बसलेला. करंगळी आणि बाजूचं बोट वाकडी होऊन आत वळलेली. अंगठा आणि पहिल्या बोटामधला मांसाचा उंचवटा बसून तिथे खळगा पडला होता. फोनवर हा खळगा दिसत नाही.

"मी गोदामातून आलोय, दादा. पुडीवाल्या. ती पुडी बंद करा. तिने काही होत नाही. तुमची नस तुटलीय, ऑपरेशन करून जोडावी लागेल, लवकर."

त्याने मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "तू कोन?"

"तिथे काम करतो."

"डॉक्टर सबनीस म्हनले घाई नको."

"ते चुकले."

"ते डॉक्टर. तू खोके उचलतो." तो बायकोकडे वळला. "बघ गो, दुसऱ्या कंपनीचा दिसतो. आपली पुडी बंद करायला आलाय."

वहिनी दारातच उभ्या होत्या. "कोनत्या हॉस्पिटलाचं कमिशन भेटतं रे तुला?"

मी नस म्हणजे काय, साखर म्हणजे काय, सगळं सांगितलं. मायक्रोस्कोपमधला पंजाही सांगितला. दादा ऐकत होता, पण ऐकणं आणि मानणं वेगळं. मग मी म्हणालो, "दादा, धागा तुटला तर तुम्ही काय करता? त्याच्यावर काहीतरी शिंपडून तो वाढत येईल म्हणून वाट बघता?"

पहिल्यांदा तो जरा अडखळला. "जोडतो."

"मग?"

"पन डॉक्टरला इचारल्याशिवाय मी कुठं जानार न्हाय," तो म्हणाला. "शुक्रवारी फोन करीन. ते बोलले तर जाईन."

मला अजून एक शुक्रवार नको होता. आणि सोपी वाट समोरच होती. बाहेर जायचं, वळणावर उभं राहायचं, सबनीस बनून त्याच्या पीसीओवर फोन करून त्याला बोलवायचं, "हं, यशवंतराव, आजच जा." तो गेला असता. मला काही झालं नसतं. मी उठलोही. दारापर्यंत गेलो. वहिनी वाटेतून हलल्या नाहीत. त्यांना मी काहीतरी उचलून नेईन असं वाटत असावं.

मी तिथेच वळलो. घसा साफ केला.

"हं. बोला, यशवंत. जेवलात का?"

 बाहेर लूम चालू होते. दादाचा चेहरा मी बघत होतो. आधी त्याला आनंद झाला, खरंच, ओळखीचा आवाज आला म्हणून. मग तो आवाज कुठून येतोय ते त्याला कळलं.

"तूच," तो म्हणाला.

"मीच. डॉक्टर कुणी नाही. पहिल्या दिवसापासून नव्हता."

"आन घाई नको, ते?"

"तेही मीच."

मला वाटलं होतं तो मारेल. चांगला हात होता त्याच्याकडे, डावा. पण त्याने उजवा उचलला, तो वाकडा पंजा, आणि माझ्या दंडावर ठेवला. दाबायला गेला. जोर लागतच नव्हता. त्याने परत दाबलं. मग हात काढून घेतला आणि वहिनींना म्हणाला, "शर्ट दे माझा."

मुंबईच्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलमध्ये मी सोबत गेलो. वहिनी संपूर्ण रस्ता आमच्या दोघांच्या मधे बसल्या. तिथल्या तरुण डॉक्टरने कागद वाचला आणि विचारलं, "इतके दिवस काय करत होता?" दादाने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाला, "चुकलं आमचं." त्याने माझं नाव घेतलं असतं तर मला हलकं वाटलं असतं.

उशीर झाल्यामुळे दोन टोकं एकमेकांपर्यंत पोचत नव्हती. पायातली एक नस काढून मधे जोडली. पायाची बाहेरची कड त्यामुळे बधिर झाली. "एक धागा चोरून दुसरा सांधला," दादा शुद्धीवर आल्यावर म्हणाला. ते त्याने डॉक्टरला सांगितलं, मला नाही.

मी हँडसेट विपुलभाईला परत केला आणि शेठला सगळं सांगितलं. शेठनी माझं ऐकून घेतलं आणि विचारलं, "हे तूच बोलतोस ना, की हीपण नक्कल?" पण उरलेल्या पुड्या त्यांनी माझ्यासमोर फाडायला लावल्या आणि ड्रम परत पाठवला. विपुलभाई माझ्याशी बोलायचा बंद झाला. ज्या म्हाताऱ्यांचे नंबर फोनमध्ये होते त्या सगळ्यांना मी फोन केले, माझ्या आवाजात. निम्म्यांनी सांगितलं की तुमच्यापेक्षा ते आधीचे डॉक्टर बरे होते.

प्रधान मॅडमनाही खरं सांगितलं. पुढच्या वेळी मी खोका घेऊन गेलो, त्यांनी थर्मामीटर खुपसला, वाचला आणि परत एकदा खुपसला.

यशवंतदादाच्या चिमटीला थोडा जोर आला. पहिल्यासारखा नाही. धागे जोडायचं काम त्याला परत जमलं नाही. आता तो दुसऱ्याच कारखान्यात तयार कापड तपासतो, चुका काढतो. त्यात तो एकदम तरबेज, असं ऐकलंय. मी फोन केला की तो आधी विचारायचा, "खरा बोल, कोन?" मी नाव, गाव, आईचं नाव सांगायचो, मग तो पुढे बोलायचा.

पुढच्या वर्षीची गोष्ट. दुपारी नाणं बघून फ्रीजर बंद करत होतो. मोबाईल वाजला, अनोळखी नंबर. पलीकडून कुणीतरी घसा साफ केला.

"हं," आवाज आला. "डॉक्टर सबनीस बोलतोय. जेवलात का?"

माझा हात फ्रीजरच्या दारावर तसाच राहिला. आवाज हुबेहूब होता. मी आतापर्यंत हजार आवाज काढले असतील, पण मीच चोरलेला आवाज मला कुणी परत दिला नव्हता.

"कोण?" मी विचारलं.

पलीकडून हसू आलं आणि त्यात लूमची खडखड मिसळलेली. "भाकरी उलटत व्हतो," यशवंतदादा म्हणाला. "बायको माहेरी गेलीय. करंगळी तव्याला लागली. चटका बसला रे. करंगळीला. दुखते अजून. काय करू, डॉक्टर?"

"काही करू नका," मी म्हणालो. "दुखू द्या."

"हा कुनाचा आवाज?" त्याने विचारलं.

"माझा."